फ्लॅट बार की ड्रॉप बार? डांबरी रस्त्यासाठी सायकल निवडताना

सायकल घेताना मी हँडलच्या आधी एका गोष्टीचा हिशोब मांडला: सलग किती तास चालवायची? उत्तर तास-दीड तास असेल आणि तेही शहरातल्या गर्दीतून, तर फ्लॅट बारच (सरळ आडवं हँडल) घ्यावा असं माझं ठाम मत आहे. ब्रेकवर बोटं कायम असतात, नजर वर राहते, खड्डा चुकवताना रुंद हँडल हाताशी राहतं. रुंदी जास्त वाटली तर दोन्ही टोकांनी सारखीच कापून घेता येते.

दोन तासांच्या पुढे मात्र गणित बदलतं. फ्लॅट बारवर तळहाताला एकच जागा. करंगळीच्या बाजूची नस सतत दाबली जाते आणि करंगळी व शेजारचं बोट बधिर होतं. बार एंड (हँडलच्या टोकांना लावायच्या छोट्या शिंगांसारख्या दांड्या) लावले की हात बदलता येतो, पण तिथून ब्रेक लांब पडतो. ड्रॉप बारवर (टोकं पुढे आणि खाली वळलेलं हँडल) वरची आडवी पट्टी, हुड्स (ब्रेक लिव्हरची रबरी मूठ) आणि खालचा वळलेला भाग अशा तीन जागा मिळतात. ताशी २५ किमीच्या वर सपाट रस्त्यावर बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, त्यामुळे वारा समोरून असेल तर खाली वाकण्याचा फायदा लगेच कळतो.

ट्रायल घेताना खालचा भाग धरून दहा मिनिटं पेडल मारा. गुडघा पोटाला लागत असेल किंवा मान अवघडत असेल, तर तो भाग पुढे वापरलाच जात नाही. बोटं लहान असतील तर ब्रेकचा लिव्हर जवळ आणणारा छोटा स्क्रू दुकानातच फिरवून घ्या. घाट उतरताना खालून दोन बोटांनी पूर्ण ब्रेक लागलाच पाहिजे.

‘आत्ता फ्लॅट घेऊ, पुढे ड्रॉप लावू’ हा सल्ला ऐकू नका. फ्लॅट बारची नळी ग्रिपपाशी २२.२ मिमी, ड्रॉपची २३.८. म्हणजे ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) दोन्ही बदलणं आलं. व्ही-ब्रेकला (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा, फ्लॅट बारच्या सायकलींवर दिसणारा ब्रेक) लागते तेवढी केबल ड्रॉप बारचा साधा रोड लिव्हर ओढत नाही. शिवाय हायब्रिडची (फ्लॅट बारची रोजच्या वापराची सायकल) फ्रेम मुळात लांब असते. त्यात हुड्स आणखी ७०-८० मिमी किंवा जास्तच पुढे जातात. आखूड स्टेमने (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) ही लांबी पूर्ण भरून निघत नाही.

गिअर हँडलइतकेच महत्त्वाचे. पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ दात्यांची चक्रं घेऊन सिंहगड चढायला जाऊ नका. मागचं मोठं चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचं हवं. २०० किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तास मिळतात आणि फ्लॅट बारही चालतो, त्यामुळे निव्वळ त्यासाठी ड्रॉप घ्यायची सक्ती नाही.

माझ्या लांबच्या राइडसाठी मी ड्रॉप बारच निवडला: उंच हेडट्यूबची (फ्रेमची हँडलखालची पुढची नळी) एन्ड्युरन्स फ्रेम, म्हणजे लांब राइडसाठी कमी वाकून बसायची फ्रेम, ३२ मिमी टायरची जागा, आणि खांद्याच्या दोन हाडांमधलं अंतर मोजून तेवढाच रुंद बार.