सोड्यात बुडवलेले ब्रश

नाशकातली कालिकेची यात्रा चार दिवसांवर आली होती आणि माझ्याकडे स्टॉलच्या बावीस पाट्या पडून होत्या. फ्लेक्स आल्यापासून हाताची अक्षरं मागणारे थोडेच. पण यात्रा आली की काहींना रंगवलेलीच पाटी लागते. नेमकं तेव्हाच माझ्या पेंटर मास्तरांनी भद्रकालीतून आपला ब्रशांचा डबा पाठवला. मोतीबिंदूमुळे त्यांचं काम सहा वर्षांपूर्वीच सुटलेलं. आतले ब्रश ऑइल पेंट वाळून दगड झालेले.

ग्रिलचा जुना रंग आपण कॉस्टिक सोड्याने काढतो, मग ब्रशचा का नाही? रात्री बादलीत सोडा कालवला, सहा ब्रश टाकले आणि घरी गेलो. दोन ब्रशांना लगेच फेस आला. म्हटलं, रंग सुटतोय.

सकाळी पहिला ब्रश उचलला. केसांच्या जागी खिरीतल्या साबुदाण्यासारखा लिबलिबीत गोळा, तोही घसरून बादलीत पडला. फेस आलेल्यांचे, केस दांड्याला धरून ठेवणारे पत्रे कुरतडल्यासारखे झालेले. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा होता. त्याला सोडा लागला की हायड्रोजन सुटतो, फेस त्याचा. गेलेल्यांत एक मुंगसाच्या केसांचा. तसे ब्रश विकायला आता वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि ती हवीच. पण मास्तरांनी तरुणपणी घेतलेला तो ब्रश मी एका रात्रीत विरघळवला होता.

फोन केला. "मास्तर, सहा ब्रश गेले."

"सोड्यात टाकलेस?"

"हो."

"मग डोकंही बुडवून बघायचंस. डुकराचे काय नि तुझे काय, केसच ते!"

तासाभरात रिक्षाने आले. डोळ्यांचं काम बोटांनी करत एकेक ब्रश पत्र्यालगत दाबून पाहिला. "इथं आत बसलेला रंग ब्रश फाकवतो. टोक कितीही धू." उरलेले पाच ब्रश दांड्याच्या भोकातून तार ओवून थिनरमध्ये लटकवले, केस तळाला टेकू न देता, टेकले की वाकतात. मग मला कटलरीच्या दुकानात उवांची फणी आणायला पिटाळलं. "लाकडी आण. प्लास्टिकची थिनरमध्ये वितळेल."

संध्याकाळी फणी पत्र्यापासून टोकाकडे ओढली तशी रंगाची लाल-पिवळी भुकटी कागदावर पडू लागली. पुन्हा थिनर, पुन्हा फणी, शेवटी साबण आणि कोमट पाणी. वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावून केसांना बोटाने टोक दिलं. मी जवसाचं तेल पुढे केलं होतं, तर हात झटकला. "ते वाळतं. रंग वाळतो तो त्याच्याचमुळे." खोबरेलही नको, नाशकातल्या थंडीत गोठतं. वापरण्याआधी मात्र मशीनचं तेल टर्पेंटाइनने धुवायचं, नाहीतर अक्षर वाळत नाही.

तीन ब्रश टोकाला आले. दोन फाकलेलेच राहिले, ते त्यांनी माझ्या हातात दिले.

"हे प्रायमरला. अक्षराला लावलेस तर याद राख."