पहिल्या दिवशी न घेतलेला नमुना

ठाण्यात राहत असलो तरी पशुवैद्यक म्हणून माझे बरेचसे काम मुरबाडच्या बाजूला असते. तेथील एका पाड्यावर माझ्याकडून निदानात झालेली चूक लिहून ठेवतो.

बकरी ईद जवळ आली होती आणि पावसाची पहिली सर येऊन गेली होती. एका घरात बाजारातून दोन बोकड आणून त्याच संध्याकाळी वीसेक शेळ्यांत मिसळले गेले. आठवड्याभरात करडांना १०५ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप भरला, नाकाडोळ्यांतून पाणी गळू लागले. "डॉक्टर, हवा पालटली, सर्दीच असंल," असे घरच्या आजी म्हणाल्या आणि मीही तेच गृहीत धरून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देऊन निघालो.

पाचव्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा नाकातला स्राव घट्ट होऊन नाकपुड्यांवर पपडी धरली होती, ओठ उलटून पाहिले तर हिरड्यांवर कोंडा भुरभुरल्यासारखा थर होता, तोंडाला दुर्गंधी होती आणि हगवण लागलेली होती. मेलेले एक करडू उघडून पाहिले, तर गुदाशयाच्या आतल्या घड्यांवर झेब्र्यासारखे लाल पट्टे उमटलेले दिसले. हा पीपीआर, म्हणजे शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी, असल्याचा माझा संशय तेथे बळावला.

तरीही संशय म्हणजे निदान नव्हे. मावा (तोंडाभोवती फोड व खपल्या धरणारा रोग), देवी, लाळ्या खुरकूत आणि जिवाणूंमुळे होणारा फुप्फुसदाह यांची लक्षणे यात मिसळतात. घाईने मी आधीपासून आजारी असलेल्या शेळ्यांच्या नाकातले बोळे पाठवले आणि आरटी-पीसीआरचा अहवाल नकारार्थी आला, कारण विषाणू ताप चढत असतानाच्या दिवसांत भरपूर सापडतो, नंतर ओसरतो. रक्तातील प्रतिपिंडे तपासावीत तर लस टोचलेले आणि आजारून उठलेले जनावर त्या चाचणीत वेगळे ओळखता येत नाही. अखेर त्याच दिवशी ताप चढलेल्या एका करडाच्या नाकातला बोळा बर्फात ठेवून पाठवला आणि त्यातच विषाणू सापडला.

या विषाणूवर औषध नाही. सलाइन आणि प्रतिजैविके केवळ पाणी कमी होणे व जिवाणूंचा जोडसंसर्ग सावरतात. विषाणू माणसाच्या गोवराच्या कुळातला असला तरी माणसाला होत नाही, हे आजींना दोनदा सांगावे लागले. आजारी जनावरे वेगळी बांधली, त्यांची विक्री थांबवली, मेलेली चुना टाकून खोल पुरली आणि आसपासच्या पाड्यांवरील निरोगी शेळ्यांना लस टोचून घेतली.

लस भारतीय आहे. उत्तराखंडातील मुक्तेश्वर येथे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने सुंगरी-९६ या वाणापासून ती तयार केली, आणि चार महिन्यांवरील जनावराला कातडीखाली दिलेली १ मिली मात्रा किमान ३ वर्षे पुरते. मात्र शीतसाखळी, म्हणजे लस टोचेपर्यंत थंड ठेवण्याची व्यवस्था, तुटली, तर आपण केवळ पाणी टोचत असतो. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली आणि शेळ्यांची २०३० पर्यंत संपवण्याचे जागतिक उद्दिष्ट आहे. विषाणूचा एकच सीरमप्रकार आहे, म्हणजे एकच लस त्याच्या सर्व वाणांवर चालते, आणि बरे झालेले जनावर त्याचे कायमचे वाहक राहत नाही, त्यामुळे ते मला अशक्य वाटत नाही. अडचण आहे ती दरवर्षी जन्मणाऱ्या, लस न टोचलेल्या करडांची.

त्या घरी आता विकत आणलेला बोकड तीन आठवडे परसातल्या फणसाखाली बांधलेला असतो आणि त्याची पाण्याची बादली वेगळी असते.