तांब्याचा हंडा आणि नऊ महिने

सांगलीच्या आमच्या घरात सासूबाईंच्या माहेराहून आलेला एक तांब्याचा हंडा होता. दर शनिवारी चिंच आणि मीठ लावून तो लखलखीत घासला जायचा, रात्री त्यात पाणी भरून ठेवले जायचे आणि सकाळी चहाच्या आधी घरातल्या प्रत्येकाने तेच पाणी प्यायचे, असा घरचा नियम होता. लग्न होऊन आल्यापासून चार वर्षे मीही ते पाणी श्रद्धेने प्यायले. त्या चार वर्षांत माझे दोन गर्भ गेले, एक नवव्या आठवड्यात आणि दुसरा अकराव्या. प्रत्येक वेळी पिशवी साफ करून घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितले की असे होते, काळजी करू नका, पुन्हा प्रयत्न करा. नातेवाइकांनी आपापल्या परीने कारणे शोधली. कुणी नजर लागल्याचे म्हटले, कुणी मी स्कूटरवरून कामाला जात असल्याचे.

खरे कारण 2013 साली कळले, तेही माझ्या तपासणीतून नव्हे, तर धाकट्या भावाच्या आजारातून. एकोणीस वर्षांचा तो अभियांत्रिकी शिकत होता. वर्षभरात त्याचे अक्षर मुंगीएवढे बारीक झाले, चहाचा कप धरताना हात थरथरू लागला आणि बोलताना शब्द जडावू लागले. अभ्यासाचा ताण म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिले होते. शेवटी पुण्याच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. यंत्राखाली त्याच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी-सोनेरी कडे दिसले. ते तांबे साठून होणारे कैसर-फ्लायशर कडे होते आणि आजाराचे नाव विल्सनचा आजार, ज्यात शरीरात तांबे साचत जाते. डॉक्टरांनी त्याच बैठकीत आईला विचारले की मुलाला सख्खी भावंडे किती आहेत, कारण अशा रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते.

माझ्या आईवडिलांचे लग्न घरातल्या घरात झालेले आहे. आई ही वडिलांच्या मामाची मुलगी. आपल्याकडे कितीतरी कुटुंबांत मामाच्या मुलीवर हक्क मानला जातो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण एकाच आजोबांकडून आलेला तोच जनुकदोष दोघांकडेही असेल, तर मुलांना तो दोन्ही बाजूंनी मिळू शकतो. एका बाजूनेच मिळाला तर माणूस केवळ वाहक राहतो आणि आयुष्यभर निरोगी असतो. दोन्ही बाजूंनी मिळाला तर आजार होतो. भावाला तो दोन्ही बाजूंनी मिळाला होता, आणि तपासण्यांनंतर दिसले की मलाही. माझे हात थरथरत नव्हते, कावीळ कधी झाली नव्हती, पण रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबे वाहून नेणारे प्रथिन, 9 होते, जे किमान 20 असायला हवे.

चोवीस तासांची लघवी गोळा करण्यासाठी प्रयोगशाळेने पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन दिला होता. धातूच्या कशालाही ती लागू द्यायची नाही, अशी सक्त सूचना होती. पहाटे सहापासून दुसऱ्या दिवशी पहाटे सहापर्यंत मी घराबाहेर पडले नाही. तो कॅन न्हाणीघराच्या कोपऱ्यात, आणि त्याच्यापासून चार पावलांवर फळीवर तो हंडा. त्या लघवीतून 240 मायक्रोग्रॅम तांबे निघाले. 100 च्या वर गेले की आजाराचा संशय पक्का होत जातो.

तांबे शरीराला लागतेच, पण अगदी थोडे. अन्नातून आलेले जास्तीचे तांबे यकृत पित्तातून बाहेर टाकते, आणि ते काम करणारे प्रथिन एटीपी7बी नावाच्या जनुकावरून बनते. हा जनुक तेराव्या गुणसूत्रावर असतो आणि 1993 साली तो सापडला. जनुक बिघडला की तांबे बाहेर पडत नाही. आधी यकृतात साठते, मग रक्तात उतरून मेंदूत आणि डोळ्यांत जाते. लंडनच्या किनियर विल्सन यांनी 1912 साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा त्यावर काहीच इलाज नव्हता. 1956 साली जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे तोंडाने घेण्याचे औषध आणले, जे तांबे पकडून लघवीवाटे बाहेर काढते. पुढे ट्रायएंटीन आले आणि जस्ताच्या गोळ्या आल्या. जस्त वेगळ्या वाटेने काम करते, ते आतड्यातच तांबे अडवून धरते. आजार दुर्मीळ आहे, साधारण तीस हजारांत एकाला होणारा, पण वेळेवर पकडला आणि औषध आयुष्यभर चालू ठेवले तर त्यासह नीट जगता येणारा आहे.

निदानानंतर पहिल्याच भेटीत मी विचारले की माझे दोन गर्भ यामुळेच गेले का. डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही आणि खोटी खात्रीही दिली नाही. त्यांनी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉक्टरांचा 2004 सालचा लेख समोर ठेवला. विल्सनच्या 16 स्त्रियांच्या 59 गर्भारपणांची त्यात नोंद होती. त्यांपैकी 30 यशस्वी झाली होती, 24 आपोआप गर्भपाताने संपली होती, तीन बाळे मृत जन्मली होती आणि दोन गर्भपात वैद्यकीय कारणाने करावे लागले होते. त्या 24 च्या आकड्यावर माझे बोट बराच वेळ थांबले. रक्तात मोकळे फिरणारे तांबे गर्भाशयाच्या अस्तरातही साठते आणि गर्भ रुजू देत नाही, असे मानले जाते. यकृत बिघडल्याने पाळीचे चक्रही विस्कळीत होते. माझ्या दोन बाळांचे नेमके काय झाले हे कुणीच सांगू शकणार नाही, पण चार वर्षे मी स्वतःला जो दोष देत होते, तो त्या दिवशी पहिल्यांदा थोडा हलका झाला.

पुढे 2018 साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 136 स्त्रियांची 282 गर्भारपणे त्यात तपासली होती. आपोआप गर्भपाताचे एकूण प्रमाण 26 टक्के निघाले, पण ज्या स्त्रियांना गर्भारपणी आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नव्हते, त्यांच्यात ते 41 टक्के होते. पेनिसिलामाइन घेणाऱ्यांत 17 आणि जस्त घेणाऱ्यांत 10. जिवंत जन्मलेल्या 209 बाळांपैकी सात बाळांत जन्मजात दोष आढळला, म्हणजे सुमारे तीन टक्के, जे इतर आयांच्या बाळांहून फारसे वेगळे नाही. हा अभ्यास हाती आला तोवर माझी मुलगी चालू लागली होती. मला तो दोन वर्षे आधी मिळाला असता तर घरातल्या वादात किती बळ आले असते, असे वाटते.

कारण खरा वाद औषधाचाच होता. तीन वर्षे पेनिसिलामाइन घेतल्यावर, लघवीतील तांबे आणि यकृताच्या तपासण्या डॉक्टरांच्या मनासारख्या झाल्यावर, यकृत बिघडल्यावर अन्ननलिकेत फुगतात तशा शिरा नाहीत हे दुर्बिणीतून पाहिल्यावर त्यांनी पुन्हा गर्भारपणाला होकार दिला. पतीचीही जनुक तपासणी झाली. ते वाहक नसल्याचे दिसले, म्हणजे बाळाला आजार होण्याची भीती जवळजवळ मिटली, ते माझ्याकडून फक्त वाहक होणार होते. 2016 च्या पावसाळ्यात दिवस राहिले. त्याच आठवड्यात औषधाच्या दुकानदाराने पुडक्यातली चिठ्ठी काढून दाखवली. तीत गर्भारपणी हे औषध धोक्याचे असल्याचे छापलेले होते. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "अगं, पोटात जीव आहे. नऊ महिने गोळ्या नाही घेतल्या तर काय बिघडणार आहे?" गावातल्या ज्या डॉक्टरांकडे नाव घातले होते, त्यांनीही पहिले तीन महिने गोळ्या बंद ठेवा, असे कागदावर लिहून दिले.

यात कुणाच्याही मनात वाईट नव्हते. आपल्याकडे गर्भारपणात साधी डोकेदुखीची गोळीही टाळायला सांगतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते. चिठ्ठीतली भीतीही निराधार नव्हती, पेनिसिलामाइन घेणाऱ्या काही आयांच्या बाळांची त्वचा सैल, लोंबती असल्याच्या नोंदी आहेत, पण त्यांतल्या काही आया संधिवातासारख्या दुसऱ्या आजारांसाठी हे औषध घेत होत्या. विल्सनच्या स्त्रीच्या शरीरात तांबे भरपूर असते आणि औषध त्या तांब्याशीच गुंतते, हा फरक चिठ्ठीत लिहिलेला नव्हता. आणि औषध बंद केल्यावर काय होते, तेही नव्हते. अमेरिकेतील डॉक्टरांनी 1987 साली लिहिले होते की पेनिसिलामाइन आपल्या मनाने सोडलेल्या 11 रुग्णांपैकी 8 जण सरासरी अडीच-पावणेतीन वर्षांतच दगावले. यकृत एकाएकी निकामी होते, रक्तपेशी फुटतात, आणि आई गेली तर पोटातले बाळ कुठून वाचणार?

मी त्या रात्री पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळ्या बंद केल्या नाहीत, कमी केल्या. दिवसाला 750 मिलिग्रॅम चालू होते, ते 500 वर आणले, कारण गर्भाच्या वाढीसाठीही तांबे लागते आणि सिझेरियनची वेळ आली तर जास्त मात्रेमुळे जखम उशिरा भरते. सोबत ब जीवनसत्त्वाची पायरिडॉक्सिनची गोळी सक्तीची केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंशी स्वतः वीस मिनिटे बोलून हे सगळे मराठीत समजावले. त्या वीस मिनिटांचे ऋण मला कधीच फेडता येणार नाही. त्यानंतर नऊ महिने माझी कॅप्सूल आणि पाण्याचा स्टीलचा पेला सासूबाईच घेऊन येत, जेवणाआधी बरोबर एक तास, घड्याळ बघून.

खाण्यापिण्याची कथा मोठी आहे. डोहाळजेवणाला हौसेने आलेले काजूचे लाडू, तिळाची वडी, चॉकलेट हे सगळे तांब्याने भरलेले. शेजारच्या काकूंनी रक्त वाढावे म्हणून मटणाचे काळीज करून आणले होते, ते तर सगळ्यांत वरचे. मी प्रत्येकीला नाही म्हटले आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले. माझ्यासाठी सासूबाईंनी राजगिऱ्याचा विचार केला, मग आहारतज्ज्ञांना विचारून तोही बाजूला ठेवला, आणि शेवटी तांदळाच्या पिठाचे, तूप-गुळाचे लाडू वळले. ते मी सातव्या महिन्यापासून रोज एक खाल्ले.

सातव्या महिन्यातच आणखी एक फसगत होता होता राहिली. सेरुलोप्लाझ्मिनचा अहवाल 22 आला. प्रयोगशाळेच्या कागदावर त्यापुढे 'सामान्य' असे छापलेले पाहून एका नातेवाइकांनी घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. गर्भारपणात इस्ट्रोजेन वाढते आणि त्याने हे प्रथिनही वर चढते, आजार जिथल्या तिथेच असतो. ज्या स्त्रीचे निदान अजून झालेले नाही, तिच्या बाबतीत हाच आकडा डॉक्टरांनाही चकवू शकतो. प्लेटलेट घटणे, रक्तपेशी फुटणे, यकृताचे आकडे वाढणे ही गर्भारपणातल्या वाढत्या रक्तदाबाच्या गंभीर विकाराची लक्षणे विल्सनमध्येही दिसतात, त्यामुळे गफलत दोन्ही बाजूंनी होऊ शकते. माझे यकृताचे आकडे आठव्या महिन्यात किंचित वाढले आणि बाळंतपणानंतर खाली आले.

अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, 2 किलो 600 ग्रॅमची, नैसर्गिक प्रसूतीने. पेनिसिलामाइन चालू असताना अंगावर पाजावे की नाही, यावर डॉक्टरांची मते एक नाहीत. आम्ही दोन्ही बाजू ऐकून वरचे दूध निवडले आणि त्याचा सल मला अजूनही आहे. मुलीची तपासणी लगेच केली नाही, कारण नवजात बाळात सेरुलोप्लाझ्मिन मुळातच कमी असते आणि बाळ वर्षाचे होण्याआधीचा आकडा काहीच सांगत नाही. तिच्या दुसऱ्या वाढदिवसानंतर ती केली आणि ती निरोगी वाहक असल्याचे कळले.

प्रसूतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर पाळणा लांबवण्याचे कागद घेऊन आल्या. सगळ्या नव्या आयांना त्या प्रेमाने समजावत होत्या की घरी जाण्याआधीच तांबी बसवून घ्या, पाच-दहा वर्षे काळजी नाही. माझ्या खाटेशी आल्यावर मी त्यांना बसायला सांगितले आणि तांबी म्हणजे गर्भाशयात ठेवलेले तांबेच असते, माझ्या आजारात ती चालत नाही, इस्ट्रोजेनच्या गोळ्याही यकृतामुळे मला देऊ नयेत, हे सगळे सावकाश सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढले, माझ्या कार्डावर वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'विल्सन, तांबी नको' असे लिहिले, आणि अक्षर सुकेपर्यंत त्यावर फुंकर घातली.