ओवरीखालची वारी : बोलोन्या ते सान लूका

इटलीतील बोलोन्या शहरात रस्त्यांच्या कडेने कमानींच्या ओवऱ्या सलग धावतात, त्यामुळे पाऊस लागला तरी छत्री उघडण्याची वेळ क्वचितच येते. २०२१ मध्ये युनेस्कोने या ओवऱ्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतली सर्वांत लांब ओवरी मात्र यात्रेसाठी बांधलेली आहे. पोर्ता सारागोत्सा या वेशीपासून टेकडीवरील सान लूकाच्या चर्चपर्यंत ती सुमारे ३.८ किलोमीटर जाते, आणि तीच वाट मी पायी चाललो.

१४३३ साली पावसाने उसंत दिली नाही, पिके हातची जाऊ लागली, तेव्हा टेकडीवरचे मरियामातेचे चित्र मिरवणुकीने शहरात आणताच पाऊस थांबला, अशी येथील श्रद्धा आहे. त्या आठवणीने दरवर्षी येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास ते चित्र खाली येते, आठवडाभर कॅथेड्रलमध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चमध्ये, राहते आणि पुन्हा वर जाते. विठोबा वीट सोडत नाही, आपणच त्याच्याकडे माहेराला जातो. येथे माताच शहरात येते. तिची मिरवणूक भिजू नये म्हणून १६७४ मध्ये या ओवरीचे काम सुरू झाले. त्यासाठी पैसा दिला तो मुख्यतः शहरवासीयांनी, आणि दात्यांचे शिलालेख आजही भिंतींवर वाचता येतात.

पहिला टप्पा सपाट आहे. तेथे घरांची दारे थेट ओवरीत उघडतात आणि भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसे यात्रेकरूंच्या बरोबरीने चालतात. टाळ-मृदंगाशिवाय ही वाट मला सुनी वाटली, म्हणून मी मनातल्या मनात हरिपाठ सुरू केला. मग रस्त्यावरून झेपावणारी मेलोनचेल्लोची देखणी कमान लागली. ती १७३२ ची, कार्लो फ्रान्चेस्को दोत्ती या वास्तुरचनाकाराची, आणि वरचे चर्चही त्याचेच. येथून चढण दम काढते. घामाघूम झालेले धावपटू मला मागे टाकून जात होते, तर एक वृद्ध बाई जपमाळेच्या पंधरा रहस्यांच्या, म्हणजे जप करताना आठवायच्या येशू-मरियेच्या जीवनप्रसंगांच्या, देवळ्यांपैकी प्रत्येकीपाशी थांबून, गेरूच्या रंगाच्या भिंतीला बोटे टेकवून, पुढे सरकत होत्या. मी त्यांची चाल धरली.

ओवरीच्या कमानी ६६६ आहेत. हा बायबलमधला अशुभ आकडा असल्याने, वळणे घेत जाणारी ही वाट म्हणजे मातेने पायाखाली चिरडलेला सर्परूपी सैतान, असा अर्थ लावला जातो. मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो.

वर पोहोचल्यावर जिन्याने चढून चित्राचे जवळून दर्शन घेता येते. ते बायबलमधल्या एका शुभवर्तमानाचे लेखक मानले जाणाऱ्या संत लूकाने स्वतः रंगवले, अशी आख्यायिका आहे. त्यावर चांदीचे आवरण असून आई आणि बाळाचे चेहरे तेवढे उघडे आहेत. पंढरपुरात पायांवर डोके ठेवण्याची सवय असल्याने, जिचे पाय दिसतच नाहीत अशा मातेपुढे काय करावे ते मला क्षणभर उमजले नाही; शेवटी हात जोडले आणि मागच्यांसाठी जागा करून दिली.