पंखातली एक रिब: माझा अनुभव

विमानाच्या विंग डिझाइनमध्ये माझ्याकडे पहिल्यांदा पूर्णपणे सोपवलेला भाग होता एक रिब. पुढचा स्पार, मागचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळया), वरची स्किन आणि खालची स्किन (पंखाचं बाहेरचं आवरण) या चौघांना धरून ठेवणारी, पंखाच्या लांबीला आडवी अशी ही पातळ भिंत. खिडकीतून पंख बघणाऱ्याला ती कधी दिसत नाही. मला मात्र पंख कळला तो तिच्यामुळे.

काम ड्रॉइंगपासून सुरू होतं असं बाहेरच्यांना वाटतं. खरी सुरुवात लोडपासून होते. वाऱ्याचे झटके, लँडिंग, रोल, भरलेल्या टाक्या, रिकाम्या टाक्या अशा ढीगभर केसेस लोड्स टीमकडून येतात. मोठ्या प्रवासी जेटला वरच्या दिशेने २.५ जी, म्हणजे वजनाच्या अडीच पट भार, सोसावं लागतं, ही त्यातलीच एक. यातली आपल्या भागाला सगळ्यात जड जाणारी केस कोणती, हे शोधण्यात बराच वेळ जातो आणि तो जायलाच हवा. पंखातलं इंधन लिफ्टच्या उलट, खाली ओढतं, त्यामुळे पंखाच्या मुळाशी वाकवणारा जोर हलका होतो. म्हणजे केबिन भरलेली आणि टाक्या रिकाम्या, ही मुळाजवळची अवघड अवस्था. विमानाला ‘झिरो फ्युएल वेट’ची, म्हणजे इंधन सोडून उरलेल्या वजनाची, वेगळी मर्यादा असते ती यासाठीच. हे उमगलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

पंख वर वाकला की वरची स्किन दाबली जाते, खालची ताणली जाते. दाबलेली स्किन आणि तिचे स्ट्रिंगर (आतून लांबीभर जोडलेल्या पट्ट्या) मधेच फुगून बाहेर येऊ नयेत म्हणून ठरावीक अंतरावर रिब लागते. हे अंतर निम्मं केलं तर सडपातळ स्ट्रिंगर जवळपास चौपट दाब सोसतो. पण रिबची संख्या वाढते, वजन वाढतं. शिवाय वाकलेल्या पंखात दोन्ही स्किन एकमेकींकडे सरकू पाहतात आणि मधल्या रिबला चेपतात. हा भार लोड केसच्या यादीत थेट दिसत नाही, वक्रतेवरून आपणच काढायचा असतो.

एफईएम मॉडेल (रचनेचे बारीक तुकडे करून ताण काढणारं संगणकावरचं मॉडेल) चालवलं की रंगीत चित्र लगेच येतं. आमचे सर ते बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, “आधी वहीत फ्री बॉडी काढ. लोड आला कुठून, गेला कुठे, ते दाखव.” फ्री बॉडी म्हणजे भाग सुटा काढून त्यावरचे सगळे जोर दाखवणारी आकृती. मी आजही तसंच करते. हाताने केलेला हिशेब आणि मॉडेल यांच्यात मोठी तफावत असेल, तर कारण सापडेपर्यंत मी पुढे जात नाही.

मग सुरू होते सगळ्यांशी बोलणी, आणि मला वाटतं डिझाइन खऱ्या अर्थाने इथेच घडतं. इंधनवाल्यांना रिबच्या तळाशी इंधन वाहायला आणि माथ्याशी हवा सुटायला भोकं हवीत. जोडणीवाले म्हणाले, “मॅडम, या कोपऱ्यातल्या फास्टनरला गन पोचतच नाही.” फास्टनर (भाग जोडणारा रिव्हेट किंवा बोल्ट) कडेकडे सरकवणं शक्य नव्हतं, कारण भोकाचा मध्य कडेपासून व्यासाच्या साधारण दुप्पट तरी आत राहावा लागतो. शेवटी उभा स्टिफनर (रिबला ताठ ठेवणारी पट्टी) थोडा बाजूला घेतला. थोडं वजन वाढलं, वजन सांभाळणाऱ्यांनी कारण विचारलं, मी ते लिहून दिलं. माणसाचा हात पोचत नसेल तर तो भाग कागदावर कितीही हलका असला तरी मला मान्य नाही.

लिमिट लोड म्हणजे वापरात अपेक्षित असलेला सगळ्यात मोठा भार; त्याच्या १.५ पट म्हणजे अल्टिमेट लोड; त्याखाली रचना किमान ३ सेकंद टिकायला हवी, असा नियम आहे. १९९५ मध्ये बोइंग ७७७चा पंख मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला, तो १.५४ पटीला मोडला. २००६ मध्ये एअरबस ए३८०चा पंख १.५च्या किंचित आधी मोडला आणि नंतर तिथे बळकटी द्यावी लागली. मला ७७७चा आकडा फार सुंदर वाटतो: गरजेपेक्षा जेमतेम जास्त. पंख याहून खूप मजबूत निघाला असता, तर ते फुकटचं वजन प्रत्येक उड्डाणात वाहावं लागलं असतं.

स्ट्रेस रिपोर्टवर सह्या झाल्या, ड्रॉइंग रिलीज झालं. पाठोपाठ लोड्सची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात माझ्या रिबच्या वरच्या कडेजवळचा रिझर्व्ह फॅक्टर (भागाची ताकद भागिले त्यावरचा भार) १च्या खाली गेला. वेबची, म्हणजे रिबच्या पातळ भिंतीची, जाडी तेवढ्याच पट्ट्यात वाढवली, पुन्हा फ्री बॉडीपासून तपासलं आणि ड्रॉइंगची पुढची आवृत्ती सहीला पाठवली.