चाळीस जणांचे नाताळचे मोजे, माणशी शंभर रुपये आणि छपाईत गेलेले चौदा दिवस

माणशी शंभर रुपयांत नाताळचा मोजा शिवून, भेटवस्तूंनी भरून होतो. आमच्याकडे खानापूर, बेळगाव, गोवा आणि पुणे मिळून चाळीस माणसं आहेत, म्हणजे एकूण चार हजार. कापड आणि खरेदी दोन संध्याकाळी बेळगावची रविवार पेठ आणि खडेबाजार फिरून झाली. चौदा दिवस गेले ते पंधरा रुपयांच्या एका वस्तूपायी. पण मोज्यातली तीच वस्तू लोक वर्षभर जपतात, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

ती वस्तू म्हणजे घरचं कॅलेंडर. ए-फाइव्ह आकाराचा जाड कागद मधोमध दुमडायचा, की ए-सिक्स आकाराची चार पानं होतात. पुढे 2026 आणि आडनाव, आत डावीकडे जानेवारी ते जून, उजवीकडे जुलै ते डिसेंबर, मागे सगळ्यांचे वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस आणि गेलेल्यांच्या आठवणीच्या मिस्साच्या (चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या) तारखा. 12 बाय 18 इंचाच्या एका शीटवर अशी चार बसतात, म्हणजे चाळीस जणांना दहा शीट, दोन्ही बाजूंनी. एका बाजूचे 25 रुपये पडले. वीस बाजूंचे 500 आणि कटिंग, क्रीजिंगचे (घडीसाठी खाच पाडण्याचे) 100. एवढ्या कमी नगांना ऑफसेट (प्लेट बनवून होणारी छपाई) परवडत नाही, डिजिटल प्रिंटच सांगा.

6 डिसेंबरला नावांची यादी व्हॉट्सॲपवरून शहरातल्या एका दुकानाला पाठवली. "होतंय की अक्का, परवा या." तिसऱ्या दिवशी जे प्रूफ, म्हणजे तपासायचा नमुना, हातात आलं त्यात फिलोमिनाचं "फलिोमनिा" झालं होतं, ख्रिस्तीनाचा ख्र फुटून ख आणि र वेगळे पडले होते आणि ॲग्नेसच्या अ शेजारी ठिपक्यांचं एक गोल वर्तुळ होतं.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे तुमचे दिवस वाचतील. मोबाईलवर आपण टाइप करतो ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक. बऱ्याच दुकानांत अजून जुनं डीटीपी (पानं मांडायचं) सॉफ्टवेअर चालतं. त्यातले मराठी फॉन्ट युनिकोडचे नसतात, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. आपला मजकूर तिथे जसाच्या तसा चिकटवला की प्रश्नचिन्हं किंवा चौकोन येतात. फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून घातला तर ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. मग ऑपरेटर सगळं हाताने पुन्हा टाइप करतो. त्याचं रोजचं काम कन्नडमधलं असेल तर मराठी नावांत चुका होणारच. त्यात त्याचा दोष नाही. दोष दुकानाचा: "आमच्याकडे युनिकोड चालत नाही" एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी दुसरी वाट धरली असती.

दुसरं प्रूफ 12 तारखेला. हाताने टाइप केलेलं. नावं बरीचशी सुधारली होती, पण बस्त्यांवचा अनुस्वार गेला होता आणि ज्योत्स्नाचं "ज्योस्ना" झालं होतं. शिवाय आता तारखा बिघडल्या. दुकानाच्या तयार साच्यात महिन्याला पाचच ओळी होत्या. रविवारपासून आठवडा धरला तर 2026 मध्ये मे आणि ऑगस्ट या दोन महिन्यांना सहा ओळी लागतात: मे शुक्रवारी सुरू होतो, ऑगस्ट शनिवारी. त्यामुळे 31 मे आणि 30, 31 ऑगस्ट सरळ गायब. आमच्यात 30 ऑगस्टचा एक वाढदिवस आहे म्हणून ते लक्षात तरी आलं. आणि ईस्टर 20 एप्रिलला. ती 2025 ची तारीख, गेल्या वर्षीच्या फाइलमधून तशीच राहिलेली. 2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारी, गुड फ्रायडे 3 एप्रिल, ईस्टर 5 एप्रिल. कुठल्याही कॅलेंडरचं प्रूफ आलं की आधी ईस्टर बघा. 1 जानेवारीचा वार बरोबर असला तरी ईस्टर चुकलेला असू शकतो.

तिसरं प्रूफ 17 तारखेला आलं. नावं बरोबर, तारखा बरोबर, आणि दुमडून उघडलं तर आतले महिने डोक्यावर उभे. आडवा कागद दोन्ही बाजूंनी छापताना आखूड कडेवर उलटायचा असतो. लांब कडेवर उलटला की आतली बाजू उलटी येते. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानाला हे सांगावं लागू नये. यावर उत्तर मिळालं, "आता नाताळनंतरच होईल."

कॅलेंडर जानेवारीत वाटता येईल, पण ते मोज्यात हवं होतं. आणि चुकीचं नाव छापलेली भेट मी कुणाच्या हातात ठेवणार नाही, मग ती पंधरा रुपयांची का असेना.

शेवटी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. घरच्या कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस घेतलं, फुकट मिळतं. फॉन्ट मुक्ता, तोही फुकट. पानाचा आकार ए-फाइव्ह आडवा, दोनच पानं. पहिल्या पानावर डाव्या अर्ध्यात मागची यादी, उजव्या अर्ध्यात मुखपृष्ठ. दुसऱ्या पानावर सहा-सहा महिने. प्रत्येक महिन्याला सहा ओळींचा तक्ता, रिकाम्या राहिल्या तर राहू द्या. फेब्रुवारी 2026 तर रविवार ते शनिवार बरोबर चार ओळींत बसतो. वाढदिवसाची तारीख लाल आणि ठळक, पण नाव तिथे लिहायचं नाही. ए-सिक्स पानावर सहा महिने मांडले की एका महिन्याला पाच सेंटिमीटरसुद्धा जागा धड मिळत नाही, आणि सात पॉइंटच्या खाली जोडाक्षरं शाईने भरून जातात. नावं मागच्या यादीत, आठ पॉइंटमध्ये. ॲ हे एकच अक्षर म्हणून टाइप करा. अ आणि वरचा चंद्र वेगवेगळा टाइप केला की काही फॉन्टमध्ये ते ठिपक्यांचं वर्तुळ येतं. चारही कडांना पाच मिलिमीटर कोरी जागा सोडा, कटिंग इकडेतिकडे सरकतं.

मग पीडीएफ करायची. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, दुकानात कुठलं सॉफ्टवेअर आहे याने फरक पडत नाही. पेनड्राइव्हवर ती फाइल आणि सोबत साध्या कागदाचा दुमडलेला, चारही पानांवर "पुढे, आत डावी, आत उजवी, मागे" असं लिहिलेला नमुना घेऊन 20 तारखेला दुसऱ्या दुकानात गेले. अर्ध्या तासात दहा शीट हातात. आधी एकच शीट काढून घेतली, दुमडून बघितली, मग उरलेल्या नऊ. कागद जाड, 250 जीएसएमचा होता. त्याला क्रीजिंग केल्याशिवाय दुमडू नका, घडीवर शाई तडकून पांढरी रेघ दिसते.

आता बाकीचं. मोजा 24 रुपयांना पडला. 36 इंच पन्ह्याचं लाल पॉपलीन, सात मीटर, 70 रुपये मीटर. 9 बाय 13 इंचाचे तुकडे मीटरमागे बारा निघतात, म्हणजे सहा मोजे. शिलाई एका मोज्याला 12. वरच्या पट्टीला बेळगावातल्या शहापूरच्या मागावरच्या साड्यांच्या काठाचे तुकडे लावले. पांढऱ्या फरपेक्षा ते आपल्या घरात जास्त शोभतात. कापड आधी पाण्यात भिजवून, धुवून, वाळवून घ्या. लाल रंग जातो, आणि आत पांढरा रुमाल असतो. टाचेच्या आतल्या वळणावर शिलाईपर्यंत कात्रीने बारीक चिरा द्या, नाहीतर उलटवल्यावर तिथे चुण्या पडतात. टांगायचं लूप बाजूच्या शिलाईत घालून दोनदा शिवा. नुसतं वरून टाचलेलं लूप संत्र्याच्या वजनाने सुटतं.

संत्रं बोटांच्या टोकाला. चौथ्या शतकातल्या मायराच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) बिशप निकोलसने गरीब मुलींच्या मोज्यात सोनं टाकल्याची जी आख्यायिका आहे, त्या सोन्याच्या जागी हे फळ. डिसेंबरमध्ये नागपूरची संत्री बाजारात असतात, नग नऊ रुपये धरा. 24 च्या संध्याकाळीच घाला. आधी घातली तर ओल धरून कापडाला डाग पडतात.

गोडात गोकाकचं करदंट, वीस रुपयांची वडी. कुंदा घालू नका, खव्याचा आहे, ओलसर असतो आणि टिकत नाही. करदंटसुद्धा बटरपेपरमध्ये गुंडाळल्याशिवाय नको. गुळाला पाझर सुटतो आणि शेजारच्या कॅलेंडरला तूप लागतं.

रुमाल डझनाने 180, नगाला 15. उरलेले 17 रुपये वयाप्रमाणे: आजी-आजोबांना बामची छोटी डबी किंवा सुया आणि सुई ओवायची तार, बायकांना क्लिपांचा पत्ता, पुरुषांना पेन, मुलांना रंगीत खडू नाहीतर भोवरा. तीन वर्षांखालच्यांना गोट्या, फुगे नकोत, आणि बटण सेलवर लुकलुकणारी खेळणी तर मुळीच नकोत. तो सेल गिळला तर जिवावर बेततं.

चाळीसला रुमाल साडेतीन डझन घ्यावे लागतात, दोन नग उरतात. ते उरू द्या. 25 ला दुपारी न सांगता कुणीतरी येतंच, आणि दोन मोजेही त्याच सात मीटरमधून जास्तीचे निघतात.

कॅलेंडर मोज्यात पाठीमागच्या बाजूने, दुमडलेली कड खाली करून उभं घालायचं आणि ते सगळ्यात शेवटी. पुण्याचे चार मोजे पोस्टाने गेले, संत्र्याशिवाय. तेवढे 18 च्या आत निघायला हवे होते. कॅलेंडरच 20 ला मिळालं म्हणून ते 29 ला पोचले.