पेरूची तयारी: आधी माचू पिक्चू, मग विमान

पेरूला जायचं ठरलं की लोक आधी विमानाची तिकिटं शोधायला बसतात. आम्ही मुद्दाम उलट्या बाजूने सुरुवात केली. पहिलं माचू पिक्चूचं, म्हणजे डोंगरावरच्या जुन्या इंका शहराचं तिकीट, मग तिथे नेणारी रेल्वे, मग राहण्याच्या जागा आणि सगळ्यात शेवटी मुंबईहून विमान. विमानं रोजच असतात. माचू पिक्चूवर मात्र दिवसाला साधारण साडेचार हजार माणसं सोडतात, गर्दीच्या ठरावीक तारखांना ५,६००. मे ते ऑगस्टमधल्या चांगल्या वेळा महिनोन्‌महिने आधी संपलेल्या असतात.

व्हिसाचा प्रश्न आमच्यापुरता सोपा होता. मुलगी न्यू जर्सीला असल्यामुळे दोघांच्याही पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असेल, तर भारतीयांना पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करायचा. मुंबईहून थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा हवाच, त्यामुळे स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लगेच घेऊ नका, वाटेतला देश आधी बघा.

माचू पिक्चूचं तिकीट काढताना जरा डोकं लावावं लागतं. २०२४ पासून तिथे तीन सर्किट आणि त्यांत मिळून दहा मार्ग आहेत. जो मार्ग निवडाल त्यावरूनच एका दिशेने चालायचं, मागे वळायचं नाही. पहिलं सर्किट वरच्या अंगाने जातं. पोस्टकार्डावरचा फोटो मिळतो, पण शहराच्या आत उतरता येत नाही. तिसरं खालच्या भागातून फिरवतं, आणि समोरचा वायना पिक्चू डोंगर चढायचा असेल तर त्याचं तिकीट याच सर्किटमधलं. दुसऱ्यात फोटोही मिळतो आणि शहरही, म्हणून तेच सर्वांत आधी संपतं. आम्ही दुसऱ्यासाठी तारीख दोन दिवस पुढे ढकलली. आत गेल्यावर वाटलं, चार ढकलायला लागले असते तरी चाललं असतं. आत स्वच्छतागृह नाही, ते फाटकाबाहेर, तेव्हा ते आधी उरका.

तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच घाला. आपल्याकडे ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बरेचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, तेही सगळं लिहायचं. फाटकावर मूळ पासपोर्ट बघतात, झेरॉक्सवर भागत नाही.

ओयान्तायताम्बो गावाहून माचू पिक्चूच्या पायथ्याच्या अग्वास कालिएन्तेसपर्यंत रेल्वेने पावणेदोन तास लागतात, तिथून वर जायला अर्ध्या तासाची बस. बसचं तिकीट वेगळं. रेल्वेत छोटी बॅगच नेता येते, मोठ्या बॅगा हॉटेलात ठेवून जायच्या. मधे एक मोकळा दिवस जरूर धरा. पेरूत आंदोलनं होतात आणि रूळ अडवले जातात. २०२३ च्या जानेवारीत तर माचू पिक्चूच काही आठवडे बंद होतं.

आता उंची. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को हे शहर जवळपास ३,४०० मीटरवर आहे आणि समुद्रकाठच्या लिमाहून तिथे विमान दीड तासाच्या आत आणून सोडतं. माचू पिक्चू मात्र २,४३० मीटर, म्हणजे कुस्कोपेक्षा बरंच खाली. हे कळल्यावर आमचा सगळा क्रमच बदलला. कुस्कोच्या विमानतळावरून थेट गाडीने २,७९० मीटरवरच्या ओयान्तायताम्बोला मुक्कामाला गेलो, मग माचू पिक्चू, आणि कुस्को शेवटी. डॉक्टरांना विचारून उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घेतली होती. तरीही पहिल्या संध्याकाळी ह्यांना हॉटेलचा एक जिना चढून मधेच थांबावं लागलं. त्या रात्री नुसतं सूप घेऊन झोपलो. रंगीत पट्ट्यांच्या इंद्रधनुषी डोंगराचा फोटो सगळ्यांना हवा असतो, पण तो पाच हजार मीटरच्या वर आहे. आम्ही गेलो नाही आणि काही बिघडलंही नाही.

खाण्याची धास्ती फार घेऊ नका. हा बटाट्याचाच देश आहे. मोठ्या दाण्यांचं मक्याचं कणीस आणि चीजचा तुकडा रस्त्यावर मिळतो, तो शाकाहारी माणसाचा आधार. पापा आ ला वांकाईना म्हणजे उकडलेल्या बटाट्यांवर पिवळ्या मिरचीचं, चीजचं दाट सॉस, वर उकडलेलं अंडं ठेवतात, नको असेल तर आधी सांगा. नुसतं ‘शाकाहारी’ एवढंच सांगून थांबू नका. मटण-बिटण, कोंबडी, मासे तिन्ही नावं घेऊन नको म्हणा. सूप नुसतं भाज्यांचं दिसलं तरी ते कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, तेही विचारा.

डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत न्या. कुस्कोत पैसे बदलून देणाऱ्या एका काउंटरवरच्या मुलीने आमची शंभराची नोट उजेडासमोर धरली, कडेवरून नख फिरवलं आणि काही न बोलता परत सरकवली. कोपऱ्याला तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती. नोट तशीच पुण्याला परत आली. हॉटेलात मात्र पासपोर्ट आणि पेरूत आल्याची नोंद दाखवा, परदेशी पर्यटकांना खोलीच्या भाड्यावर तिथला १८ टक्के कर माफ असतो. आपणहून विचारतीलच असं नाही.

पिवळ्या तापाची लस हा विषय परतीचा आहे, म्हणून विसरला जातो. पेरूहून भारतात येणाऱ्याकडे त्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. ह्यांचं तसं बोलणं झाल्यावरच आम्ही केंद्रात गेलो.

आणि कोकाच्या, म्हणजे ज्यापासून कोकेन बनतं त्या झाडाच्या पानांचा चहा. हॉटेलच्या लॉबीत फुकट ठेवलेला असतो, किराणा दुकानात पुड्या मिळतात, तिथे तो पूर्णपणे कायदेशीर आहे. तिथेच प्या. भारतात कोकाची पानं अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतात, तेव्हा ऑफिसातल्या मंडळींसाठी चॉकलेटच आणा.